सावकाश बोला, मी थांबलेय

मीनलच्या भावाचा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे कुणावर तरी डाफरत होतो. "दादा, ताई गेली," एवढंच तो सांगलीच्या दवाखान्यातून बोलला. त्याला आणखी काही सांगायचं होतं, पण शब्द फुटत नव्हते. मी फोन कानाशी धरून उभा राहिलो, मध्ये बोललो नाही... समोरच्याला असा वेळ द्यायला मला जिनं शिकवलं, तीच गेली होती. आता काही आठवडे झालेत. दुःख आहेच, पण लिहायला बसलो तर आधी आठवतं ते तिनं दिलेलंच.

मीनल मूळची कवठे महांकाळची. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, पुढं कराडमध्येच एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत एका खोलीत बसायला लागलो. मी प्रोग्राम लिहायचो. तो वापरणाऱ्याला काय दिसेल, काय ऐकू येईल, हे ती ठरवायची. त्यासाठी एसटीनं थेट त्या माणसांच्या घरी जायची, आणि गेल्या गेल्या मोबाइल काढायची नाही. शेंगा फोडत असतील तर शेंगा फोडू लागायची. "मीनल कामावर नाही, पाहुण्यांकडं गेलीय," असं आम्ही ऑफिसात चिडवायचो. ती येताना त्याच शेंगा आणायची आणि चिडवणारेच त्या फस्त करायचे.

एका संस्थेसाठी आम्ही फोनची एक सोय केली होती. शेळी-मेंढी आजारी पडली की नंबर लावायचा, मशीन विचारेल त्याची तोंडी उत्तरं द्यायची, की जनावरांच्या डॉक्टरला निरोप जायचा. सगळीकडं ठीक चाललं होतं, फक्त माण तालुक्यातले फोन पहिल्याच प्रश्नाला तुटत होते. आम्ही रेंजला शिव्या घातल्या, मग वाऱ्याच्या आवाजावर खापर फोडलं. मीनल म्हणाली, "जाऊन बघू या की." मला ओढतच घेऊन गेली.

दहिवडीच्या पुढं एका वस्तीवर हिराबाई नावाच्या बाईंची शेळी पोट फुगून आडवी पडली होती. नवरा मुंबईला, घरात सासू आणि त्या. चार शेळ्यांवरच घर चालायचं, त्यातली ही गाभण. त्यांनी घाईघाईनं नंबर लावला. मशीन म्हणालं, "खातेदाराचं नाव सांगा." संस्थेतलं खातं नवऱ्याच्या नावावर. हिराबाईंनी सासूकडं पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि गप्प झाल्या. मशीननं आवाज आला नाही म्हणून फोन तोडला. त्यांनी परत लावला, परत तेच. शेळीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. मी "रेंज..." म्हणायला तोंड उघडलं, तर मीनलनं माझा हात दाबला.

"काकी, मालकांचं नाव घेता येत नाही, व्हय?" तिनं हळूच विचारलं.

"कसं घ्यायचं, बाई? मशीन आसलं म्हून काय झालं, त्येला बी कान हायतीच की!"

मला हसू फुटलं. मीनल हसली नाही. तिनं डॉक्टरांना स्वतः फोन लावला, ते येईपर्यंत हिराबाईंबरोबर शेळीचं पोट चोळत बसली. शेळी वाचली. निघताना हिराबाईंनी तिच्या खांद्यावर घोंगडी टाकली, नको म्हटलं तरी ऐकेनात.

परतल्यावर मी म्हणालो, नावाऐवजी नंबर दाबायला लावू. मीनल म्हणाली, "शेळी कोण सांभाळतं? मग तिलाच तिचं नाव विचारू या." संस्थेचे साहेब म्हणाले, खातं तिचं नाही. मीनल हटून बसली, आणि शेवटी प्रत्येक खात्याला घरातल्या बाईचं नाव जोडून घेतलं. दुसरं भांडण माझ्याशी. समोरचा गप्प राहिला की मशीन लगेच फोन तोडायचं, ते तिला नको होतं. "माझी आई काही सांगायच्या आधी पदर सारखा करते. तेवढा तरी वेळ देशील की नाही?" मी कुरकुरतच थांबायचा वेळ वाढवला. आवाजही तिनं स्वतःचाच दिला. बाहेर हायवेचा गोंगाट, म्हणून ती घोंगडी डोक्यावरून घेऊन टेबलाखाली बसली आणि रेकॉर्डिंग केलं. बाहेर आम्ही हसून लोटपोट.

शेवटचं भेटलो ते सांगलीत, दवाखान्यात. पार वाळली होती, तरी तक्रार करत होती. "दुखतंय का, हो की नाही, असंच विचारतात रे. मला 'आज जरा कमी' म्हणायचं असतं, त्याला जागाच नाही." मग म्हणाली, "तू मात्र हल्ली ऐकून घेतोस." तेवढ्यावर मी आयुष्य काढीन.

गेल्या आठवड्यात संस्थेचा निरोप आला, गेलेल्या माणसाचा आवाज फोनवर ठेवणं बरं दिसत नाही, बदला. मला पटेना, आणि नाही म्हणायला कारणही सुचेना. मीनल असती तर म्हणाली असती, ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचार. म्हणून एकटाच माणला गेलो. हिराबाईंनी आधी विचारलं, "बाई कुटं हाय?" मी सांगितलं. हिराबाई शेजारच्या करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आवाजाचं कसंबसं बोललो आणि मग मीही थांबलो...

"लगीन झाल्यापासनं कुणाची बायकू, कुणाची आय, आसंच समदी म्हणत्यात," त्या बऱ्याच वेळानं म्हणाल्या. "माजं नाव त्या बाईनं इचारलं. तिचा आवाज काडू नगा."

मी अंगणातूनच संस्थेला कळवलं, आवाज राहील. साहेबांनीही ताणून धरलं नाही. करडू एका पायानं लंगडत होतं, म्हणून हिराबाईंनी नंबर लावला. "ताई, तुमचं नाव सांगा," घोंगडीतून बोललेला मीनलचा आवाज आला, "सावकाश बोला, मी थांबलेय." हिराबाईंनी पदर सारखा केला, डोळे पुसले, आणि अंगणाबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं आपलं नाव सांगितलं.