उघड्या दारासमोरचा टीव्ही

आमचं लग्न दोन बैठकांत ठरलं, पण टीव्ही ठरायला अडीच महिने लागले, असं माझी बायको येईल त्या पाहुण्याला सांगते. खोटं नाही ते. पण लग्नाच्या वेळी मला तपासायला दिलंच कुठं होतं? चहा-पोहे झाले आणि नारळ हातात आला. टीव्हीच्या बाबतीत मात्र मी ठरवलं होतं, फसायचं नाही. तपासणं हा माझा धंदाच आहे, राव. चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला शेवटच्या तपासणीवर मी बावीस वर्षं उभा आहे. रंग लावून आलेली गाडी ट्यूबलाइटच्या रांगेखाली थांबते आणि मी दारावर, बॉनेटवर त्या ट्यूबचं प्रतिबिंब बघत फिरतो. प्रतिबिंबाची रेघ सरळ, सुरीसारखी दिसली तर रंग पास. रेघ थरथरली, फिसकटली, संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत दिसली की गाडी परत. माझ्या नजरेतून सुटलेले डाग लोक एका हाताच्या बोटांवर मोजतील. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच.

टीव्ही हवा होता तो आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. दिघीतली आमची शेती गेली, तिथं इमारती आल्या, पण आबांचा जीव राहिला बैलगाड्यात. चाकणच्या पलीकडे एका गावची यात्रा असते, तिथल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, वरच्या टोकाला आबा निशाण धरून उभे राहायचे. एकेक गाडा घड्याळावर पळतो, पुढे वाट दाखवायला घोडी आणि मागे जुंपलेले बैल. बैल वरच्या रेषेवर आले रे आले की निशाण खाली पडायचं आणि तिथंच घड्याळ थांबायचं. पापणी लवायच्या फरकानं नंबर मागेपुढे होतो, आणि त्यावरून डोकी फुटल्याचंही पाहिलंय मी. पण आबांनी निशाण टाकलं की वाद मिटला. ‘म्हाताऱ्याचा डोळा हाय’ म्हणायचे लोक.

त्याच डोळ्याला आता दृष्ट लागल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. समोर बघतील ते पुसट दिसेल, कडेचं मात्र नीट दिसत राहील. औषध चालू ठेवा, पण गेलेलं परत येणार नाही. चित्र मोठं आणि उजळ असेल तर त्यांना बरं पडेल, असंही ते म्हणाले. तेव्हापासून आबा मान थोडी तिरकी करून, समोरच्याच्या कानाकडे बघत बोलायला लागले. एक दिवस मोबाइलवर कुठल्यातरी गावची शर्यत चालू होती. आबांनी मोबाइल नाकाला लावला, लांब धरला, परत नाकाला लावला आणि गपचूप दिवाणावर पालथा घातला.

“यंदाची यात्रा तेवढी बघायची व्हती रं,” ते म्हणाले. “फुडच्या साली डोळं असत्याल का न्हाई, कोण सांगावं.”

मी म्हटलं, “गाडीतून नेतो की तुम्हाला घाटात.”

“गुडघं चढत्यात का घाट? आन् जाऊन काय नुसतं ऐकत बसू?”

झालं. यात्रेला अडीच महिने होते आणि शर्यत हल्ली मोबाइलवर दाखवतात तशी टीव्हीवरही लागते. मी त्याच आठवड्यात चिंचवडच्या एका शोरूममध्ये जाऊन उभा राहिलो.

तिथल्या विक्रेत्याची मला आता दया येते. तो बिचारा मनापासून सांगत होता. ओएलईडी म्हणजे पडद्यावरचा एकेक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो, म्हणून काळं म्हणजे काळंकुट्ट. क्यूएलईडीत मागून उजेड आणि पुढे रंग खुलवणारा थर. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ, पाहिजे तिथले वाढवता-कमी करता येणारे, त्यामुळे उजेड दणदणीत. मी कंपनीत करतो तसा तक्ताच करून नेला होता: काळा रंग, उजेड, हालचाल, कडेनं कसं दिसतं, आणि शेवटी फिनिशिंग. आठ रविवार मी तो तक्ता घेऊन शोरूमच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात घालवले. पहारेकरी मला नमस्कार करायला लागला होता.

शेवटच्या रविवारी मी विक्रेत्याला म्हटलं, “भावा, आता सगळे बंद कर.”

“सर, बंद करून टीव्ही बघणार?”

“तू कर तर.”

मग मी मोबाइलची बॅटरी लावली आणि एकेका काळ्या पडद्यावर तिचं प्रतिबिंब बघत गेलो. ओएलईडीच्या काचेत उजेडाचा ठिपका सुईच्या टोकासारखा उमटला. काय गुळगुळीत काच, काय ती चकाकी! दहापैकी दहा दिले. शेजारच्या मिनी एलईडीचा पडदा मंद, बिनचकाकीचा होता. उजेड त्यावर पसरला, पिठाचा हात लागल्यासारखा. “हा पीस माझ्या लाइनवर आला असता तर मी परत पाठवला असता,” मी म्हणालो. विक्रेता काहीतरी बोलणार होता, पण मी त्याला बोलू दिलं तर ना.

घरी बायको म्हणाली, “अहो, एकदा आबांना नेऊन दाखवा की. बघायचंय त्यांना.”

“त्यांना काय कळणार त्यातलं? मी बावीस वर्षं तपासतोय.”

“तुम्ही गाड्या तपासता,” ती म्हणाली आणि भाजी परतायला गेली. मला राग आला. तिचं बोलणं खरं असलं की मला येतोच.

तर पासष्ट इंची ओएलईडी घरी आला. आमच्या हॉलमध्ये एका भिंतीला जिना, एकीला देवघर, त्यामुळे तो लागला दारासमोरच्या भिंतीवर. मध्ये आबांचा दिवाण, आबांची पाठ दाराकडे. संध्याकाळी आम्ही सगळे बसलो. काय चित्र होतं ते! मी म्हटलं, “आबा, कसं दिसतंय?”

“झ्याक,” आबा म्हणाले.

रोज विचारायचो आणि रोज ‘झ्याक’ ऐकून फुगून कंपनीत जायचो. लाइनवरच्या पोरांना मी ओएलईडीवर व्याख्यानं दिली. चहाला माझ्या टेबलावर बसायला लोक कचरायला लागले होते.

सहाव्या दिवशी माझी दुसरी शिफ्ट होती, म्हणून सकाळी घरी होतो. दुसऱ्या एका गावची शर्यत टीव्हीवर लागली होती. यात्रेला अजून दहा दिवस होते, तेवढीच रंगीत तालीम म्हणून मीच ती लावून दिली आणि आत दाढी करायला गेलो. बाहेर आबांचा आवाज चढला. “आली, आली! घोडी सुटली फुडं! हाण, हाण!” मी तोंडाला फेस तसाच ठेवून दारात आलो. आबांनी सवयीनं खांद्यावरचा टॉवेल उजव्या हातात उंच धरला होता, निशाण धरायचे तसा, आणि माझ्यादेखत तो त्यांनी खाली पाडला.

टीव्हीवर घाट रिकामा होता. निवेदक देणगी देणाऱ्यांची नावं वाचत होता.

मी पडद्याकडे नीट बघितलं, माझ्या धंद्याच्या नजरेनं. त्या सुरेख काचेत आमचं उघडं दार उतरलं होतं, उन्हातला रस्ता उतरला होता, समोरच्या घराच्या वाळत घातलेल्या साड्यासुद्धा. दूधवाल्याची मोटारसायकल आत्ताच त्यातून डावीकडून उजवीकडे गेली होती. आबांनी निशाण टाकलं होतं ते दूधवाल्याला.

मला आधी हसू आलं आणि मग रोजचं ते ‘झ्याक’ आठवलं. मी खाली बसलो. “आबा, खरं सांगा. दिवसा काही दिसतं का ह्यात?”

आबा माझ्या कानाकडे बघत राहिले. “सांजचं दिसतंय जरा.”

“मग बोललात का नाही? सहा दिवस झ्याक, झ्याक काय चाललं होतं?” मी ओरडलोच त्यांच्यावर. गुन्हा माझा आणि आवाजही माझाच.

“येवढं मन लावून आनलंस लेका. कसं म्हनू, दिसत न्हाई म्हनून?”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ‘बघा, मी म्हटलं नव्हतं का?’ असं ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फेस पुसायला नुसता पंचा पुढे केला. मी उठून बाहेरचं दार लावायला गेलो, तसे आबा माझ्यावर खेकसले. “दार कशाला लावतोस? मानूस गेल्यागत दिवसाढवळ्या दार लावायचं व्हय? हाय का आपल्यात कधी?” खरंच आहे ते. आमच्याकडे सकाळी उघडलेलं दार दिवेलागणीपर्यंत उघडं असतं. दिवसा दार बंद दिसलं की शेजारी विचारायला येतात, काय झालं म्हणून. मी पडदा लावू म्हटलं, तर पडद्याआड फक्त नवी नवरी बसते, असं त्यांचं मत पडलं. दार उघडंच राहणार होतं. म्हणजे टीव्ही बदलायला हवा होता, कारण शर्यत सकाळी सुरू होते आणि भर उन्हात संपते.

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. दोष टीव्हीचा काडीचाही नव्हता. अंधाऱ्या खोलीत तो राजाच आहे. पण बावीस वर्षं चकाकी पास करून करून मी तिथंही चकाकीच पास केली. गाडीच्या दारात ट्यूब दिसायला पाहिजे हे ठीक, पण टीव्हीत दूधवाला कशाला दिसायला पाहिजे? एवढी अक्कल शाळेतल्या पोराला असते.

आठ दिवसांत बदलून मिळेल असं बिलावर लिहिलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी आबांना गाडीत घालून शोरूम गाठली. विक्रेत्याला सगळं सांगितलं, दूधवाल्यासकट. तो हसला नाही, त्याचे उपकार. उलट त्यानं चार टीव्ही आतल्या कोपऱ्यातून पुढच्या काचेपाशी, उजेडात आणून ठेवले. आबा म्हणाले, “बैलं लाव.” त्यानं चारही टीव्हींवर एकच शर्यत लावली. बघता बघता गिऱ्हाइकं गोळा झाली, फ्रिज बघायला आलेलं एक कुटुंब फ्रिज सोडून आलं, आणि पहारेकरी दारातून ‘भिर्रर्र’ करून ओरडला.

आबांनी काचेकडे पाठ केली. मान तिरकी केली, टॉवेल वर धरला आणि एकेका टीव्हीसमोर उभे राहिले. तक्ता नाही, दहापैकी गुण नाहीत. माझा लाडका ओएलईडी होता, त्याच्यापुढे टॉवेल पडला तेव्हा बैल रेषा ओलांडून पार धुरळ्यात गेले होते. दुसऱ्यापुढे उशीर थोडा कमी झाला. तिसऱ्यापुढेही तसंच. चौथा, मी परत पाठवला असता तो मंद पडद्याचा मिनी एलईडी. टीव्हीतलं निशाण आणि आबांचा टॉवेल एकदम खाली आले. त्यांनी दोनदा परत लावायला सांगितलं. दोन्हीदा एकदम.

“ह्यो,” आबा म्हणाले. “ह्यात बैलं हायती. त्यात नुसतं आपुनच हाव.”

विक्रेता प्रामाणिक होता. म्हणाला, “सर, एक सांगतो, हा कडेनं बघितला तर रंग जरा उडतात.” मी म्हटलं, कडेला मी बसेन, मला चालेल. तक्ता खिशातच होता, तो बाहेर काढायची मला लाज वाटली.

यात्रेच्या दिवशी मी रजा टाकली. बावीस वर्षांत शर्यतीसाठी पहिल्यांदा. बायकोनं सकाळीच पुरणपोळीचा घाट घातला. आबांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, फेटासुद्धा बांधला, घरात बसून बघायचं होतं तरी. दार सताड उघडं, ऊन उंबरठ्याच्या आत आलेलं. आबा मधोमध दिवाणावर, आणि मी कडेला खुर्चीवर, जिथून बैलांचे रंग खरंच जरा उडालेले दिसत होते.

निवेदकानं पुकारलं, गाडा जुंपला, घोडी पुढे निघाली. आबांचा हात वर गेला. सगळं अंग त्या हातात गोळा झालेलं. बैल आले, धुरळा उठला, आणि टॉवेल सपकन खाली आला. तिकडे निशाणही पडलं. तसूभर मागेपुढे नाही. पुढचा गाडा, तसंच. त्याच्या पुढचा, तसंच. म्हातारा घामाघूम झाला होता आणि तोंडभर हसत होता. बायको हातातलं लाटणं घेऊनच बघायला आली ती तिथंच उभी राहिली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पडद्यावर पुढे काय झालं ते मी सांगू शकणार नाही, मी आबांकडेच बघत होतो.

त्यांचं तोंड टीव्हीकडेच होतं, मान तशीच तिरकी, हात पुन्हा वर. माझ्याकडे न वळता ते म्हणाले, “बैलं तिकडं हायती, हिकडं काय बघतुयास? आन् रडतुयास कशाला? कडंचं समदं दिसतंय मला.”