आधीच्या रकान्यातला हात

भासऱ्यांच्या सात महिन्यांच्या नातवाच्या गालावर माझ्या मुलीचे दात उमटले, त्याच संध्याकाळी घरात ठरून गेलं. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. अंगण एक, चुली दोन, पण घरात शब्द त्यांचाच चालतो. ओसरीत बसून त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं की पोरीचे समोरचे दात काढून टाकायचे, वरचे चार, खालचे चार. यवतमाळचा एक दातांचा डॉक्टर ओळखीचा आहे, बेशुद्ध करून काढून देईल म्हणाले. पंधरा दिवसांवर त्यांच्या धाकट्या मुलाचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. पाहुण्यांत कोणाला चावली तर सोयरीक मोडेल, म्हणून हे काम त्याच्या आधी उरकायचं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. मुलगी नऊ वर्षांची, स्वमग्न, एक शब्द बोलत नाही. दुधाचे दात पडून नुकते नवे आलेले, जन्मभर पुरायचे. नवरा मान खाली घालून 'हो दादा' म्हणाला. आत आल्यावर मी त्याला फाडून खाल्लं, तर म्हणे, आपलेच दात अन् आपलेच ओठ, कोणाकडे बोंब मारू.

आता माझंही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी गरीब गाय आहे. माझा हात चालतो. आधीपासूनच चालतो. मुलगी सात वर्षांची असताना वेणी घालताना पहिल्यांदा मला चावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तिच्या तोंडावर अशी ठेवून दिली की ओठ फुटला. फ्रॉकवर रक्त. ती चूप झाली, खाटेखाली जाऊन बसली, तासभर बाहेर आली नाही. त्या तासात माझ्या भाकरी झाल्या, भाजी झाली, अंगणही झाडून झालं. खरं सांगते, तो तास मला फार बरा वाटला.

मग काय, ती चावायची आणि मी मारायची. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत दातांची वर्तुळं, काही निळी, काही पिवळी पडत आलेली. तिच्या गालावर माझी बोटं. घरातल्या बाकीच्यांनी दुसराच उपाय काढला होता. ती चावली की लगेच तिच्या हातात मोबाईल द्यायचा. मोबाईल दिला की दात सुटायचे. जाऊबाई मोठ्या कौतुकाने सांगायच्या की पोरीला मोबाईलची नुसती झलक दाखवा, गाय होते.

यवतमाळला अशा मुलांना शिकवणारं एक केंद्र आहे. नेरहून मंगळवारच्या एसटीने मी तिला तिथे नेत असे. तिथली मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आवाज इतका हळू की चीड यावी. ती म्हणायची, माणूस असो की जनावर, ज्या वागण्यातून काही पदरात पडतं ते वागणं परत येतं, ज्यातून काहीच मिळत नाही ते हळूहळू सुकून जातं. चावलं की मोबाईल मिळतो, म्हणजे चावणं तुम्हीच शिकवता आहात. हे मला पटलं, कारण चूक जावेची निघत होती. खाटेखालच्या त्या तासाचंही मी तिला सांगून बसले होते. मग तिने विचारलं, मारल्यावर तुम्हाला काय मिळतं? मी म्हटलं, "मले काय मिळते? पाप मिळते." ती म्हणाली, "तासभर शांतता मिळते ना, ताई? मग तुमचा हात परत उठणारच." तिलाच एक ठेवून द्यावी असं वाटलं मला.

दातांची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र तिचा चेहरा पांढराफटक पडला. पंधरा दिवस आपल्या हातात आहेत म्हणाली. चावल्यावर मोबाईल अजिबात द्यायचा नाही, आणि आधी चावणं वाढेल तेव्हा घाबरायचं नाही. जे आजवर चावून मिळत होतं ते मिळेना झालं की मूल आणखी जोरात चावून बघतं. तिने वहीत तीन रकाने आखून दिले. आधी काय झालं, मुलीने काय केलं, मग काय झालं. प्रत्येक वेळी लिहायचं, खोटं लिहायचं नाही.

वाढलं, बाप्पा. कसं वाढलं म्हणता. मोबाईल उंच कोठीवर ठेवला आणि तिने चार दिवसांत मला एकवीस वेळा फाडलं. ब्लाऊजची बाही रक्ताने दंडाला चिकटायची, रात्री पाणी लावून सोडवावी लागायची. एकदा अंगठ्याच्या बुडाचा लचकाच निघाला. मीही तिला धोपटली. एकदा केस धरून भिंतीवर आपटली, कपाळाला टेंगूळ आलं. जाऊबाई ओसरीतून ऐकवायच्या की शिकवणी भारी लागू पडली हो. मी सगळं वहीत लिहायची. 'मग काय झालं' या रकान्यात 'थापड मारली' असं प्रामाणिकपणे लिहिलं. आणि 'आधी काय झालं' यात ओळीने 'काही नाही, काही नाही, काही नाही'.

पुढच्या मंगळवारी मॅडमने वही पाहिली. 'काही नाही' असं कधी नसतं म्हणाली, व्हिडिओ काढून आणा. नवऱ्याने गव्हाच्या कोठीवर मोबाईल टेकवला आणि आमची वेणीफणी टिपली. साक्षगंधाला सहा दिवस उरले होते. डॉक्टरकडे शनिवारी जायचं ठरलं होतं. मी मंगळवारची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी यवतमाळची गाडी धरली.

मॅडमने व्हिडिओ लावला. मी पाटावर, मुलगी माझ्यापुढे, फणी चालू आहे. मग चावणं, मग माझी थापड. मी म्हटलं, बघा, काही कारण नाही. तिने मागे नेऊन परत लावला. तिसऱ्यांदा एका जागी थांबवला आणि विचारलं की इथे तुम्ही काय करताय. चित्रात माझा उजवा हात वर होता. मी म्हटलं, काही नाही, फळीवरची तेलाची बाटली घेतेय.

"तिला ते कुठून माहीत, ताई?"

मग मी चित्रातल्या मुलीकडे बघितलं. माझा हात वर जाताच तिची मान खांद्यात गेलेली, डोळे मिटलेले, अंग आकसलेलं. ते झाल्यावर तोंड उघडलं होतं. ती माझ्या हाताला चावत होती, हात खाली येण्याच्या आत. दोन वर्षं जी थापड मी 'मग' च्या रकान्यात लिहिली असती, ती तिच्यासाठी केव्हाच 'आधी' च्या रकान्यात जाऊन बसली होती. मला भासऱ्यांच्या नातवाचा दिवस आठवला. बाळ माझ्या कडेवर होतं आणि मी दोरीवरचं दुपटं ओढायला हात वर केला होता. ती माझ्या हातावरच धावली होती, बाळाचा गाल मध्ये आला. एसटीत येताना मी तोंडात पदर कोंबून रडले. कंडक्टरने दोनदा विचारलं, काय झालं ताई.

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. डोक्यावर पदर, आणि सांगायचं ते जावेमार्फत. लग्नाला बारा वर्षं झाली, मी त्यांच्याशी एक वाक्य बोलले नव्हते. त्या संध्याकाळी ते, जाऊबाई आणि माझा नवरा ओसरीत साक्षगंधाच्या पाहुण्यांची यादी करत होते. मुलगी दाराशी चिंचोके मांडत बसली होती. मी जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, पोरगी बाळाले नाही चावली. माह्या हाताले चावली, बाळ मधात आलं. दोन वर्सापासून मी मारतो तिले. हात वर गेला का तिले वाटते, आता पडते. दात तिचे नका काढू. चुकी माही आहे."

जाऊबाईंच्या हातातला पेन तसाच राहिला. माझा नवरा ताडकन उठला. भावापुढे बायकोने तोंड उघडलं, त्यातून असलं काही बोलली. चूप बस म्हणत त्याने माझ्यावर हात उगारला.

चिंचोके उधळले गेले. ती कधी उठली ते मला दिसलंही नाही. बापाचं मनगट तिच्या दातात होतं आणि रक्त त्याच्या कोपरावरून फरशीवर ठिबकत होतं. तो ओरडला, झटकायला गेला, दुसऱ्या हाताने त्याने तिचे केस धरले. ती डोळे गच्च मिटून लोंबकळत राहिली पण सोडेना. मी मध्ये पडायला निघाले, तेवढ्यात भासरे बोलले. आवाज चढवला नाही.

"हात खाली घे."

"दादा, ते सोडून नाही राह्यली."

"खाली घे म्हणतो तं. दोन्ही."

नवऱ्याने केस सोडले, हात खाली घेतला. दात सुटले. ती मागे सरकत भिंतीला जाऊन टेकली, तोंड रक्ताने माखलेलं, सगळ्यांचे हात एकेक करून बघत. भासरेही बघत होते. आपल्या भावाचा हात वर गेलेला त्यांनी पाहिला होता, आणि दात त्याच्यानंतर आले होते. मग ते जावेला म्हणाले, नेहमीसारखं, मी तिथे नसल्यासारखं, की तिले सांग, दात राहू दे, पण साक्षगंधाले पोरगी नको. मी साक्षगंधाला गेले नाही. दोघी घरी होतो.

मॅडम म्हणाली, आता 'आधी' बदला. सुतार बोलावून सगळ्या फळ्या कमरेइतक्या खाली घेतल्या. दोरी खाली आली. फणी आधी तिच्या हातात देते, मग मागून घेते. नको असेल तर तिने तळवा पुढे करायचा आणि आपण लगेच थांबायचं, हे तिला महिनाभरात आलं. मला यायला वेळ लागला. त्यानंतरही दोनदा माझा हात सुटला, ते लपवणार नाही. प्रत्येक वेळी तिचं चावणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

मागच्या आठवड्यात आम्ही फाट्यावर यवतमाळच्या गाडीची वाट बघत होतो. गाडी दिसली आणि सवयीने, विचार न करता, ती थांबवायला मी हात उंच केला. क्षणात माझं मनगट तिच्या तोंडात होतं. मी जागच्या जागी थिजले. वरचे-खालचे सगळे दात मला एकेक करून जाणवत होते, टेकलेले, न रुतलेले. तिचे डोळे या वेळी मिटलेले नव्हते. हा हात नुसता खाली येतो की आपल्यावर पडतो, ते ती बघत होती.