वाकडी रोवणी

आमच्या करडी गावच्या समाजमंदिरात बायांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी एका संस्थेच्या मॅडम यायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलता बोलता चष्मा पदरानं पुसायची त्यांना सवय होती. वर्गाला आम्ही कोणी जातच नव्हतो. मी चौथी शिकलेली, पण वाचताना अडखळले आणि कोणी हसलं तर, या भीतीनं घरीच राहायची. वर्ग बंद पडायला आला होता.

रोवणीच्या दिवसांत एका दुपारी मॅडम थेट आमच्या भाताच्या बांधीत आल्या. साडी खोचून चिखलात उतरल्या आणि आमच्या रांगेत उभ्या राहून परे, म्हणजे भाताची रोपं, लावू लागल्या. त्यांची ओळ अशी वाकडी गेली, की माझी मोठी जाऊ ओरडली, "मॅडमजी, तुमचे परे त दारू पिऊन उभे हायेत जी!"

सगळ्या बाया हसत सुटल्या. मॅडमही हसल्या. चिखलाच्या हातानंच त्यांनी चष्मा वर सारला. "हसा, पोटभर हसा. पण उद्या वर्गात मलेही हसू द्या. मी आज पळाली नाही, तुम्हीही पळू नका."

दुसऱ्या संध्याकाळी समाजमंदिरात बसायला जागा उरली नाही. पुस्तक आधी मी मागितलं आणि उभी राहून वाचू लागले. दुसऱ्याच ओळीत अडखळले. जाऊ खुदकन हसली, मॅडमही हसल्या. मग मलाही हसू आलं, आणि तशीच हसत पुढे वाचत गेले.

पान संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "शाब्बास, बसा आता."

मी बसले नाही. पान उलटलं आणि पुढचं वाचायला घेतलं.