सेलची रिकामी जागा

बायको म्हणते, मला माणसाची नियत कळत नाही, पण कॅसेटची बरोबर कळते. भांडणात बोललेली असली तरी गोष्ट खरी आहे. मी साजगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात गेज, म्हणजे माप तपासायचा साचा. पार्ट गेजमध्ये बसला तर हिरवा क्रेट, नाही बसला तर लाल. मधला क्रेट नसतो. संध्याकाळी दहिवलीला घरी आलो की मी तेच काम फुकटात करत बसतो, फक्त पार्टांच्या जागी जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट असतात. घरीही एक लाल डबा ठेवलाय. डुप्लिकेट निघाली की त्यात.

हे गेम म्हणजे हातात धरून खेळायचे, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे. लोक माळ्यावरून काढून विकतात, मी घेतो, साफ करतो, बटणांखालचं रबर बदलतो आणि खेळतो. गेम सहसा खराच निघतो. घोळ असतो तो कॅसेटमध्ये. काडेपेटीएवढी वस्तू, पण तिच्यात जेवढी बनवाबनवी चालते तेवढी जमिनीच्या व्यवहारातही चालत नसेल, आणि हे मी कर्जत तालुक्यात राहून म्हणतोय.

विकणारा फोटो पाठवतो तो पुढून, चकचकीत. मी लिहितो, मागून पाठवा. मग खालून पाठवा, दात दिसतील असा. कॅसेटच्या खालच्या अंगाला सोनेरी पट्ट्या असतात, त्यांना मी दात म्हणतो. बैल घेताना माणूस शिंगांना भुलत नाही, आधी तोंड उघडतो, तसंच हे. खऱ्या कॅसेटच्या दातांवर कंपनीचं नाव बारीक छापलेलं दिसतं. मागचा स्क्रू तीन पाकळ्यांचा असतो. अधिकच्या चिन्हाचा दिसला की समजायचं, माल दुसरीकडचा. स्टिकरवर दोन आकडे शाईशिवाय नुसते दाबून उमटवलेले असतात, ते तिरप्या उजेडातच दिसतात. एवढं सगळं विचारलं की विकणारे वैतागतात. एकाने मला लिहिलं, "काका, कॅसेट घेताय की मुलगी बघायला आलाय?"

ते वाचून मी फोन उलटा ठेवला आणि पुढे कितीतरी दिवस काही घेतलं नाही. त्याला कारण आहे.

आमच्या घरातला पहिला गेम मामाने आणला. मामा जहाजावर होता. निळा, डबीसारखा मिटणारा गेम आणि सोबत एकच कॅसेट. मी तेव्हा बारा वर्षांचा, ताई वीसची. कॅसेटमधलं सगळं जपानीत, आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. पण खेळ कळला. कंदील घेतलेला एक बुटका म्हातारा आणि सात दरवाजांचा किल्ला. प्रत्येक दरवाजाच्या पलीकडे एक खोली, खोलीत उघडं पुस्तक. म्हाताऱ्याला पुस्तकापाशी नेलं की टिंग वाजायचं. ते टिंग म्हणजे इथवरचा खेळ लिहून ठेवला, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा कळणार कसं? गेम बंद करून परत लावला की म्हातारा पहिल्या दरवाजाशी. टिंग वाजलेलं असो वा नसो. आम्ही धरून चाललो की खेळच असा आहे, एका दमात सातही दरवाजे काढायचे. म्हणून त्या उन्हाळ्यात आमच्या घरात नियम झाला: बंद करायचं नाही.

आता कुणी हसेल. आम्ही हसत नव्हतो. ताई भाकऱ्या उरकून खेळायला बसायची. आईने हाक मारली की मधलं बटण दाबून म्हाताऱ्याला जागीच थांबवायची आणि गेम माझ्या हातात द्यायची. "धर. बंद करू नको." मी राखणदार. कुणी हात लावू नये म्हणून बघायचं. चार्जिंगचा दिवा हिरवा आहे तोवर बसून राहायचं, लाल झाला की चार्जर लावायचा. लाईट दिवसातून सहा-सहा तास जायची, त्यामुळे आली रे आली की लावायचा. चार्जरची वायर आखूड आणि बोर्ड दाराजवळ, उंचावर. गेम हातात धरून बोर्डाखाली उभं राहायचं, हात भरून येईस्तोवर. रात्री स्क्रीनचा उजेड मालवला की एका चार्जिंगवर रात्र निघायची. खेळायचं म्हणाल तर मी दुसऱ्या दरवाजात मरायचो. ताईचा हातच वेगळा होता. तिची बोटं बटणांवर अशी चालायची की बघत राहावं, आणि मी बघतच राहायचो.

कितीदा मेली, कितीदा लाईटने दगा दिला. मेअखेरीस एकदा मात्र ती तिसऱ्या दिवशी सातव्या दरवाजापाशी पोचली. आणि त्याच दिवशी तिला बघायला पाहुणे आले.

पनवेलचं स्थळ होतं. मुलगा नोकरीला, स्वतःचा ब्लॉक. आईने आठवडाभर दुसरा विषय काढला नव्हता. साडी नेसून, गजरा माळूनही ताईने गेम सोडला नव्हता. पाहुण्यांची गाडी वळली तेव्हा तिने तो माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "ताई, दरवाजा मी उघडू? एकदाच."

"तुला नाय जमायचं रं. तू नुसता धर."

नुसता धर. अख्खा उन्हाळा मी नुसता धरला होता. आतल्या खोलीत बोर्डाखाली मी उभा, बाहेर हसणं आणि कपबशा. लाईट नव्हती, पण गेमचा दिवा हिरवा होता. मी बाजूचं बटण सरकवलं. टक, एवढाच आवाज झाला. लगेच घाबरून परत चालू केलं, पण म्हातारा पहिल्या दरवाजाशी उभा होता.

पोह्यांचा ट्रे न्यायला ताई आत आली. तिने आधी स्क्रीन बघितला. मी म्हणालो, "चार्जिंग संपलं." तिचे डोळे भरून आले आणि ते तसेच घेऊन ती बाहेर गेली. ट्रे ठेवताना तिच्या गालावरून पाणी ओघळलं, ते खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं. चार दिवसांनी निरोप आला: मुलीच्या मनात दिसत नाही, जबरदस्तीचं लग्न आम्हाला नको. आईने तिला नाही नाही ते सुनावलं. व्हिडिओ गेमसाठी रडले, हे वीस वर्षांच्या मुलीने कोणत्या तोंडाने सांगायचं? ती गप्प राहिली. मीही गप्प राहिलो. पुढच्या वर्षी तिचं लग्न खालापूरकडच्या एका शेतकरी घरात झालं. गेमला तिने पुन्हा हात लावला नाही.

भावजी भला माणूस आहे, हे आधी सांगतो. तरी तिच्या घरी गेलो की माझी नजर तिच्या हातांवरच्या घट्ट्यांवर जायची, आणि पनवेलचा तो मी कधी न बघितलेला ब्लॉक डोळ्यांपुढे उभा राहायचा. ताई लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात, आणि तिकडे कुणीतरी दुसरीच बाल्कनीत कपडे वाळत घालतेय. हे सगळं माझ्या एका बोटाने केलं, असं मी वीस वर्षं धरून बसलो होतो. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

खोट्या कॅसेट ओळखायला लागलो तेव्हा आमचीच कॅसेट काढून बघावी, हे मला बऱ्याच उशिरा सुचलं. घरची वस्तू, तिच्यावर कोण संशय घेतो? बघितली. मागे अधिकचा स्क्रू. स्टिकरवर आकडे नाहीत. दातांवर नाव नाही. उघडली, तर आतल्या सर्किटच्या पाटीवर एका कोपऱ्यात चपट्या सेलची गोल जागा आखलेली. त्या सेलच्या जोरावरच कॅसेट टिंग वाजेपर्यंतचा खेळ लक्षात ठेवते. जागा होती, टाके द्यायची भोकं होती, सेल नव्हता. कुठल्यातरी कारखान्यात कुणीतरी तेवढा एक सेल वाचवला होता. त्यापायी इकडे दोन भावंडं उन्हाळाभर गेमची पहारेदारी करत होती.

मला जो राग आला तो विचारू नका. असा पार्ट माझ्या लाईनवरून गेला असता तर मी सुपरवायझरला झोपेतून उठवलं असतं. मग राग ओसरला आणि लाज उरली. सेल त्याने खाल्ला, पण बटण मी सरकवलं होतं. ती कॅसेट लाल डब्यात टाकायला मात्र माझा हात धजला नाही.

तेव्हापासून मी त्या खेळाची खरी कॅसेट शोधू लागलो. पहिली आली ती डुप्लिकेट. दुसरी तर स्टिकरला तिरपा उजेड दाखवायच्या आधीच कळली, वजनच हलकं. तिसरीचा फोटो मी इतका मोठा करून बघितला की बायको म्हणाली, आता त्यात शिरा. ती खरी निघाली. तिच्यातला सेल वयाने मेला होता, तो काढून मी नवा बसवला. जुना निळा गेम दुरुस्त केला. पुस्तकापाशी टिंग वाजवून तीनदा बंद केला, तीनदा चालू केला. तिन्ही वेळा म्हातारा पुस्तकापाशीच होता.

भाऊबीजेला ताईकडे गेलो. अंगणात भाताचे भारे, पेंढ्याचा वास. ताईने ओवाळलं. मी ताटात पाकीट ठेवलं आणि त्यावर ती कॅसेट.

तिने ती उचलली, उलटीसुलटी केली. "ही ती नाय."

"ही खरी हाय. ती डुप्लिकेट होती." मग मी तिला सेलची सगळी गोष्ट सांगितली. ती ऐकत होती. भावजी सुपारी कातरत ऐकत होते. आणि तोंड उघडलंच आहे तर, म्हणून मी बोलून टाकलं, "ताई, तेव्हा चार्जिंग संपलं नव्हतं. मी बंद केला होता."

"कधी?"

"पनवेलवाले आले होते तेव्हा."

भावजींचा अडकित्ता थांबला. "पनवेलवाले कोन?"

त्यांच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने ताट खाली ठेवलं. आता ती त्या स्थळाचं काढणार, म्हणून मी मान खाली घातली. तेवढ्यात तिने खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि माझ्या पाठीत हाणला.

"सातव्या दरवाज्याशी होते रं मी! मेल्या, तीन दिस! तीन दिस खपले होते!"

"हान, अजून हान," भावजी म्हणाले. त्यांना कशासाठी ते कळलं नव्हतं, पण मजा वाटत होती.

टॉवेल थांबल्यावर मी विचारलं, "आणि ते स्थळ?"

ती ओट्यावर बसली. "ते गेलं ते बरं झालं का वाईट, मला काय ठाव? ते घर मी बघितलंच नाय. दरवाजा मातर बघितला होता." तिने टॉवेलाची घडी घातली. "आई सहा महिने मला बोलत होती. तू ऐकत होतास ना रं? तवा तरी बोलायचं होतंस."

वीस वर्षं मी चुकीच्या गोष्टीचं ओझं वाहत होतो. पनवेलचा ब्लॉक तिच्या खिजगणतीत नव्हता. तिला लागलं होतं ते तिचा राखणदार शेजारच्या खोलीत असून गप्प बसला, ते. मी घाबरलो होतो, एवढंच मला सांगता आलं. ती "हं" म्हणाली आणि हात पुढे केला. "दे. बघू." मी पिशवीतून निळा गेम काढला आणि कॅसेट लावून, नवा खेळ सुरू करून तिच्या हातात दिला.

पहिल्या दरवाजात ती दोनदा मेली. तिसऱ्यांदा बोटांना आठवायला लागलं. त्या घट्टे पडलेल्या बोटांनी तिने दुसरा दरवाजा काढला तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो. पुस्तकापाशी टिंग वाजलं. मी म्हटलं, "आता बंद करून बघ, राहतंय का ते." तिने मानही वर केली नाही.

एवढ्यात पेंढा न्यायला टेंपो आला. भावजी अंगणातून ओरडले, "आगं, ये गं, भारे द्यायला!" ती उठली. मधलं बटण दाबलं, गेम कुठे ठेवावा म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"धर. बंद करू नको."

"ताई, यात सेल आहे. बंद केला तरी काही..."

"तू नुसता धर."

ती गेली. दिवा लाल झाला होता. मी पिशवीतून चार्जर काढला, तोच जुना, आखूड वायरचा. तिच्या घरीही बोर्ड दाराजवळच, उंचावर आहे. मी गेम हातात धरून त्याखाली उभा राहिलो. दारातून टेंपो दिसत होता, ताई एकेक भारा उचलून वर देत होती. टेंपो भरायला तास लागला. तासभर मी उभा होतो. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.

ती परत आली, पदराला हात पुसले आणि आधी स्क्रीन बघितला, मग माझ्याकडे. म्हातारा कंदील घेऊन पुस्तकापाशीच उभा होता.