चौथा प्रश्न

बोलायला उघडलेलं तोंड मिटताना मी पाहिलं, त्याला बरीच वर्षं झाली. राग अजून उतरलेला नाही.

बाळंतपणाच्या सोयींवरच्या एका अभ्यासासाठी आम्ही अंगणवाडीत आठ बायकांची गटचर्चा घेत होतो. प्रश्न आमच्या मॅडम विचारत होत्या, मी टिपणं घेत होते. तासभर गप्प बसलेल्या सुलाबाई एकदम म्हणाल्या, "माझं बाळ दवाखान्याच्या पायरीवरच गेलं."

मॅडमनी हातातला कागद पाहिला. "मावशी, ते पुढं येईलच. आधी चौथा प्रश्न घेऊ. दवाखाना किती लांब आहे?"

सुलाबाईंनी पदर सारखा केला. चर्चा संपेपर्यंत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत.

ते प्रश्न नीट लावायला आम्ही तीन आठवडे घालवले होते. ऐकायची तयारी मात्र कोणीच केली नव्हती. परतताना जीपमध्ये मॅडम म्हणाल्या, "छान झाली चर्चा." मला त्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त माझा, कारण सगळं दिसत असूनही मी वहीत डोकं घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच सुलाबाईंच्या घरी गेले. त्या कामावर निघाल्या होत्या.

"काल तुम्ही बाळाचं सांगत होता," मी म्हणाले.

"ते तोंडातून निघायला मला सोळा वर्षं लागली, ताई," दाराला कडी घालत त्या म्हणाल्या. "आता पुन्हा नाही व्हायचं माझ्याच्यानं."

अहवालात एक वाक्य आहे: 'सहभागी महिला मोकळेपणाने बोलल्या.' ते मीच टाइप केलं.