पापणीवरचे पिवळे चट्टे

नांदेड-हदगाव बसचा तो कंडक्टर मला मुळीच आवडायचा नाही. मी हदगावच्या शाळेत शिकवते, रोज त्याच्याच गाडीने जाते. तिकीट देताना तो माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघतो आणि प्रत्येक वाक्य "काय?" म्हणून संपवतो.

एकदा भरल्या गाडीत तो मला म्हणाला, "मॅडम, पापण्यावर पिवळं साचून राहिलंय. रगत तपासा. काय?"

सगळी बस माझ्याकडे वळली. मी तडकले, "तुम्ही तिकिटं द्या!"

"हाव," म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आठवडाभर तेच. शेवटी मी तक्रारीची धमकी दिली.

"खुशाल करा. पण आधी रगत. काय?"

त्याचं तोंड बंद करायचं म्हणून मी रक्त तपासून घेतलं. कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं. लगेच औषध सुरू झालं.

रिपोर्ट त्याच्यापुढे धरला तेव्हा वाटलं, आता हा मिरवणार. तो शेजारच्या सीटवर बसला आणि हळूच म्हणाला, "माझ्या भावाला बी असंच व्हतं. समदे म्हणले, लक्ष्मी हाय, पैसा येनार. हार्टनं गेला."

मला संताप आला, पण त्याचा नव्हे. दोन वर्षं ते चट्टे सगळ्यांना दिसत होते. पार्लरवालीने क्रीम विकलं. स्टाफरूममध्ये कुणी ब्र काढला नाही. आणि माझ्या शिकल्यासवरल्या नवऱ्याने जाड फ्रेमचा चष्मा घ्यायला सांगितलं, म्हणजे फोटोत चट्टे दिसणार नाहीत.