शेरा माझ्या नावावर लिहा

कलावती अक्कांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिहा, असं शाळेतल्या मंडळींनी सांगितलं आणि मी आधी शुद्धलेखनाचं पुस्तक शोधून काढलं. हा लेख अक्का वाचणार! त्या इंग्रजीच्या शिक्षिका खऱ्या, पण मराठीतली चुकलेली वेलांटीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यात मी मुळातच भित्री.

आमची ओळखही भीतीतूनच झाली. माझं माहेर अफजलपूरकडचं करजगी, सासर बीदर जिल्ह्यातलं औराद, दोन्ही कर्नाटकातच. इथल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी गणितासाठी अतिथी शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी कळलं, आठवीचं इंग्रजीही मलाच घ्यायचं आहे. नेमणूक वर्षापुरती, एक वाईट शेरा पडला की जूनमध्ये घरी. वेळापत्रक हातात धरून मी स्टाफरूमच्या दारात थिजून उभी राहिले. नौबादहून रोज बसने येणाऱ्या अक्का नुकत्याच खुर्चीत टेकल्या होत्या. म्हणाल्या, "कामून भ्यायलीस गं? इंग्रजी काय वाघ हाय व्हय? ये, आधी पाणी पी."

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे माझी शिकवणी सुरू झाली. माझी सगळी भीती इन, ऑन, ॲट, विथ या चिमुकल्या शब्दांची. मराठीत जे शब्दाच्या मागे लागतं ते इंग्रजीत पुढे येऊन बसतं, आणि कुठे कोण बसेल याचा काही नेम नाही. 'माझ्यावर रागावले' यातला 'वर' मी खुशाल 'ऑन' करून टाकायची, तिथे हवा 'विथ'. अक्का पोट धरून हसायच्या, पण टाकीमागेच. वर्गात किंवा स्टाफरूममध्ये, चारचौघांत, त्यांनी आपणहून कोणत्याही सहकाऱ्याची चूक काढलेली मी पाहिली नाही.

सहकाऱ्यांना सांभाळून घेण्याची त्यांची रीतच न्यारी. आमचे पाटील सर आणि हुसेन सर यांच्यात कपाटाच्या किल्लीवरून अबोला होता. अक्कांनी नववीला 'विथ' शिकवताना फळ्यावर इंग्रजीत वाक्य लिहिलं: पाटील सर हुसेन सरांबरोबर डबा खातात. पोरं ती! मधल्या सुट्टीत दारात गोळा होऊन विचारू लागली, "सर, खरंच खाताव का वो?" पाटील सरांनी अक्कांकडे बघून डोळे वटारले, मग डबा उचलून हुसेन सरांच्या बाकावर जाऊन बसले. हुसेन सर वांग्याची भाजी पुढे सरकवत म्हणाले, "लेव साब, बैंगन है." अबोला तिथेच संपला.

आणि मग तपासणीचा दिवस उजाडला. बीदरहून शिक्षण खात्याचे साहेब आले आणि नेमके माझ्या वर्गात शिरले. धडा होता मित्रांशी मिळून मिसळून राहण्याचा. टाकीमागे घोटलेलं सगळं विसरून मी फळ्यावर 'डोन्ट बी अँग्री ऑन युवर फ्रेंड्स' लिहून बसले. साहेबांनी ते वाचलं आणि शेजारच्या वर्गातून अक्कांना बोलावून घेतलं. मुलांसमोरच कन्नडमध्ये विचारलं, "मॅडम, हे वाक्य बरोबर आहे का?"

गेली नोकरी, एवढंच मनात होतं. त्याच वर्षी मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी अक्कांचं नाव गेलं होतं, आणि शिफारस याच साहेबांच्या हातात होती, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. अक्कांनी फळा वाचला. "चूक आहे, सर," त्याही कन्नडमध्येच म्हणाल्या. माझा जीव गेलाच! मग त्या पुढे म्हणाल्या, "पण या शाळेत इंग्रजीची जबाबदारी माझी आहे. बाईंना मीच शिकवते. शेरा लिहायचा तर माझ्या नावावर लिहा." साहेब लालबुंद झाले. शेरा अक्कांच्या नावावर पडला. जूनमध्ये माझी नेमणूक पुन्हा झाली. अक्कांना ती जागा कधीच मिळाली नाही, आणि त्याबद्दल त्यांनी मला एका शब्दानेही ऐकवलं नाही.

आज मी कायम शिक्षिका आहे. अक्का येत्या महिन्यात निवृत्त होतील आणि शाळेतल्या इंग्रजीची जबाबदारी माझ्याकडे येईल. या विचाराने झोप उडाली आहे. परवा न राहवून म्हटलं, "अक्का, मला न्हाई जमायचं. तुमाला कशाची भीतीच न्हाई, तुमचं येगळं हाय."

अक्का म्हणाल्या, "भीती न्हाई? अगं येडे, त्या दिवशी हात थरथरायले म्हणून पदरात गुंडाळून हुबी होते मी. साहेब गेल्यावर रिकाम्या वर्गात बसून रडले. कुणालाच सांगितलं न्हाई."

अक्का, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हे तर इथले सगळेच लिहितील. मीही मनापासून लिहिते. पण माझं मागणं जरा आपमतलबी आहे. जूनमध्ये आठवीला नवी अतिथी शिक्षिका येणार आहे. कधीतरी साहेब येतील, ती फळ्यावर चुकेल, आणि 'शेरा माझ्या नावावर लिहा' हे मला म्हणावं लागेल. मी म्हणेन, अक्का. भीत भीत का होईना, म्हणेन. पण साहेब गेल्यावर रडत रडत फोन करायला तिकडे नौबादला तुम्ही असायला हव्यात. धडधाकट, आणि खूप खूप वर्षं.